पंच्याण्णव टक्के आणि भायलीची बस

पत्र:

ताई, आम्ही बडोद्यात बाबाजीपुऱ्यात राहतो. मुलगी आठवीत आहे. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर, इंग्रजी माध्यम, गुजरात बोर्ड. तिला कायम पंच्याण्णवच्या पुढे मार्क असतात, पण घरी अभ्यासाला बसलेली क्वचितच दिसते. परीक्षेच्या आदल्या रात्री शाळेने दिलेले आयएमपी, म्हणजे 'महत्त्वाचे' प्रश्न, वाचते आणि मार्क घेऊन येते. भायलीकडे एक सीबीएसईची खासगी शाळा आहे, अभ्यासाला फार कडक असं सगळे म्हणतात. नववीसाठी प्रवेश परीक्षा होते. फी वर्षाला एक लाख दहा हजार, बसचे सव्वीस हजार वेगळे. मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला आहेत. ते म्हणतात, चांगलं चाललंय ते बिघडवायचं कशाला? सासूबाई म्हणतात, पोर थकेल, तिचं गाणं सुटेल. धाकटा मुलगा चौथीत आहे. मुलीला विचारलं तर म्हणते, 'तू ठरव.' काय करू?

- एक आई

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात फी आहे, बस आहे, सासूबाईंची काळजी आहे, पण मी अडकले ती त्या आयएमपीच्या वाक्यावर. बडोद्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, धड्याचं नाव आठवायच्या आधी तो आयएमपीची यादी दाखवेल. वीस प्रश्न आधी सांगायचे आणि त्यातलेच पंधरा पेपरात घालायचे. मग मिळालेले पंच्याण्णव टक्के कशाचे? पाठांतराचे. मुलीची स्मरणशक्ती छान आहे एवढं त्यातून कळतं. तिला विचार करता येतो का, हे त्या शाळेने अजून तिला विचारलेलंच नाही. तुमचे मिस्टर म्हणतात चांगलं चाललंय, त्यात त्यांचंही काही चुकत नाही. त्यांच्यासमोर मार्कशीट येते, तुमच्यासमोर न उघडलेलं दप्तर.

तेव्हा बदलाचा विचार करताय ते योग्यच आहे. ती शाळा भायलीचीच असावी का, हे मात्र मी इथे बसून सांगणार नाही, कारण 'कडक' या शब्दाने मी स्वतः एकदा चांगलीच फसले आहे.

माझ्या भाच्याला नववीत एका शाळेत घालायचा आग्रह माझाच होता. गणिताची मास्तरीण म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन. त्या शाळेत रोज सकाळी पहिल्या तासाला टेस्ट व्हायची, दुपारपर्यंत आईच्या मोबाईलवर मार्क यायचे, शनिवारी क्रमांकांची यादी भिंतीवर लागायची. आम्ही खूश होतो. बूट, केस, नखं, उशिरा आल्याचा दंड, सगळं कडक. दोन वर्षांनी तो अकरावीत आला आणि मी त्याला सहज म्हटलं, हे गणित तू कसं सोडवलंस ते चार ओळींत लिही. त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, 'मावशी, पद्धत कुठली वापरायची ते सांग ना.' रोज टेस्ट देऊन पोरगा फक्त टेस्ट द्यायला शिकला होता. शाळा कडक होती, पण शिकवण्यात कस नव्हता, आणि मी चौकशी केली होती ती शिस्तीची.

आता कस बघायचा कसा? माहितीपत्रकात तो सापडणार नाही, एसी वर्गात नाही आणि टॉपर्सच्या होर्डिंगवर तर नाहीच. मुलांच्या वह्यांत सापडतो. शाळेत जाल तेव्हा ऑफिसातल्या बाईंना सांगा की नववीतल्या कुणाच्याही गणिताच्या आणि इंग्रजीच्या वह्या पाहायच्या आहेत, नाव झाकून दिल्या तरी चालतील. मी एकदा अशा दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, दोन वेगळ्या शाळांच्या. पहिलीत पानापानावर लाल खूण, खाली सही, तारीख, सगळं नीटनेटकं. एका पानावर मधल्या पायरीत वजाचं चिन्ह राहून गेलं होतं आणि तरी शेवटचं उत्तर बरोबर होतं, म्हणजे फळ्यावरून उतरवलेलं. त्यावरही तीच लाल खूण. दुसरी वही गिचमिड. एका पायरीखाली रेघ, समासात पेन्सिलने 'हे कशावरून?' आणि खाली मुलाने वेगळ्या शाईत तोच पुरावा पुन्हा लिहिलेला. दुसऱ्यांदाही अर्धवटच जमला होता, पण लिहिला होता. मला विचाराल तर मी मुलीला त्या गिचमिड वहीच्या शाळेत घालीन. वह्या दाखवायला शाळा का कू करायला लागली, तर तेही एक उत्तरच समजा.

मग सहामाहीचे जुने पेपर मागा. हेरॉनचं सूत्र तुम्हाला आठवत असेल, तिन्ही बाजू माहीत असल्या की त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं ते. एका शाळेच्या पेपरात प्रश्न असतो, 'हेरॉनचं सूत्र लिहा.' दुसऱ्या शाळेच्या पेपरात असतो: ३, ४ आणि ८ सेंटिमीटर बाजूंच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना एका मुलाच्या वर्गमुळाच्या आत ऋण संख्या आली. त्याने आकडेमोड बरोबर केली आहे. मग चुकलं कुठे? (३ आणि ४ मिळून ८ भरत नाहीत, म्हणजे असा त्रिकोण होतच नाही.) असा एक प्रश्न जरी पेपरात सापडला तरी समजा, त्या शाळेत गणिताला कुणीतरी जीव लावणारं आहे. आणि हे नुसतं हौसेचंही नाही. सीबीएसईच्या बोर्डाच्या पेपरात आता निम्मे प्रश्न प्रसंग किंवा माहिती देऊन विचार करायला लावणारे असतात. तिथे आयएमपीची यादी फारशी कामाला येत नाही.

हाच प्रश्न येत्या रविवारी मुलीलाही घाला. सूत्र देऊन टाका, ते पाठ असण्याशी आपल्याला घेणं नाही. उत्तर आलं की नाही हेही बघू नका, ती किती वेळ त्याच्याशी झटते ते बघा. दोन मिनिटांत 'हे आम्हाला शिकवलं नाही' म्हणून कागद सारला, तर नव्या शाळेचे पहिले सहा महिने जड जातील, त्याची तयारी आतापासून हवी. वीस मिनिटं पेन्सिल चावत बसली, एखादा वाकडातिकडा त्रिकोण काढून पाहिला, किंवा काड्यापेटीतल्या काड्या मांडायला लागली, तर तिची भूक खरी आहे आणि सध्याची शाळा तिला उपाशी ठेवतेय.

शाळेच्या वेबसाइटवर एक कंटाळवाणं पान असतं, ते मात्र चुकवू नका. सीबीएसईने संलग्न शाळांना काही माहिती जाहीर करायला लावली आहे: शिक्षक किती, वर्गामागे शिक्षकांचं प्रमाण काय, समुपदेशक आणि विशेष शिक्षक आहेत का, आणि मागच्या तीन वर्षांचे दहावी-बारावीचे निकाल. त्यात किती मुलांची नोंदणी झाली आणि किती पास झाली, हे आकडे असतात. शंभर टक्के निकाल बघून हुरळू नका. दहावीला बसलेल्या मुलांचा आकडा घ्या आणि शाळेला विचारा, हीच तुकडी नववीत असताना किती मुलं होती? एकशे वीसची शंभर झाली असतील तर वीस मुलं कुठे गेली, हे शांतपणे विचारा. कुणाची बदली होते, कुणी गाव सोडतं, हे मान्य. पण काही शाळा कच्च्या मुलांच्या पालकांना नववीच्या शेवटी बोलावून 'तुम्ही दुसरीकडे बघा' असं सुचवतात आणि मग निकाल लखलखतो. तुमची मुलगी हुशार आहे, तिच्यावर ती वेळ यायची नाही. पण जी शाळा पडणाऱ्याला हात देत नाही, ती तुमची मुलगी पहिल्या चाचणीत पडेल तेव्हा काय करेल?

आणि ती पडणार. हे मी घाबरवायला सांगत नाही. कायम पहिली येणारी मुलं नव्या शाळेच्या पहिल्या चाचणीत ८० पैकी ४०-४५ वर येतात, असं मी पस्तीस वर्षांत कितीतरी वेळा पाहिलंय. सहामाहीपर्यंत बरीचशी सावरतात. सावरत नाहीत ती बहुतेक करून घरच्यांनी पहिल्याच मार्कांवर रडारड केलेली. म्हणून तो कागद घरी येण्याआधीच मिस्टरांना आणि सासूबाईंना सांगून ठेवा की तो येणार आहे. आणि हो, सहामाही नवरात्राच्या आगेमागे येते. बडोद्यात राहून नऊच्या नऊ रात्री मुलीला घरात कोंडायला लावणारी शाळा कितीही चांगली असो, मला नको.

'तू ठरव' याचा अर्थ तुम्ही काय घेतलात? मला त्यात होकार ऐकू येत नाही, नकारही नाही. जी कायम पहिली असते तिला पहिलं नसण्याची भीती असते आणि ती कबूल करायची लाज. शिवाय मैत्रिणी आहेत. जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर विचारू नका. ॲक्टिवावर मागे बसवून सुरसागर तलावाला एक फेरी मारा आणि मग विचारा. मागे बसलेली मुलं समोर बसलेल्यांपेक्षा खरं बोलतात. शाळेने परवानगी दिली तर एक दिवस तिला तिथल्या आठवीच्या वर्गात बसू द्या. घरी आल्यावर 'आवडली का' म्हणू नका, 'आज वर्गात कुणी काय विचारलं' एवढंच विचारा. मुलांनी बाईंना प्रश्न विचारले की फक्त बाईंनीच मुलांना, ते त्यातून कळेल.

आता वेळेचं. बदल करायचाच तर नववीत करा. सीबीएसई बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश बदलीसारख्या मोजक्या कारणांशिवाय मिळत नाही. 'एक वर्ष इथेच काढू, मग बघू' असं केलंत तर पुढची संधी एकदम अकरावीला. प्रवेश परीक्षेवरून कुणी काही बोललं तर सांगा, शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतचा, नववीला शाळा परीक्षा घेऊ शकते. आणखी एक अडचण बडोद्यात दरवर्षी कुणाला ना कुणाला भोवते: गुजरात बोर्डाच्या शाळांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते आणि नवं वर्ष जूनमध्ये, तर सीबीएसईची नववी एप्रिलच्या सुरुवातीलाच चालू होते. आठवीची परीक्षा, एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि नव्या शाळेचे पहिले दोन-तीन आठवडे एकमेकांवर येतात. हुकलेल्या तासांचं काय करतात, हे फी भरायच्या आधी विचारा, आणि एलसीचा अर्ज सध्याच्या शाळेत वेळेवर द्या. तिथल्या बाईंशी भांडून निघू नका, त्यांनी काही वाईट केलेलं नाही.

पैशाचं मी स्पष्टच बोलते. तुमच्या आकड्यांनी वर्षाचे एक लाख छत्तीस हजार होतात. दरवर्षी पाच टक्के वाढ धरली तर नववी ते बारावी चार वर्षांचे साधारण पाच लाख शहाऐंशी हजार. यात गणवेश, सहली आणि अकरावीतला क्लास धरलेला नाही. ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सगळ्यांना सक्तीचं आणि मोफत केलं, तिथे मी नववीच्या फीची अशी बेरीज करत बसलेय, याचं मलाच हसू येतं. पण करायला हवी. आणि पाच वर्षांनी धाकटाही नववीत येईल. तिला दिलं ते त्याला देता येईल का, हे आजच नवराबायकोने बोलून घ्या. नसेल देता येणार, तर कर्ज काढून एकीला पाठवू नका. घरात ते पुढे वीस वर्षं बोललं जातं.

शाळेकडे फी नियमन समितीचा मंजुरी आदेश मागायला संकोचू नका. गुजरातेत २०१७ च्या कायद्याने या समित्या आल्या, बडोदा विभागाची वेगळी आहे. कायदा झाला तेव्हा माध्यमिकला वर्षाला २५,००० च्या वर फी घेणाऱ्या शाळेने समितीपुढे हिशेब मांडायचा असं ठरलं. तोंडी सांगितलेली फी आणि आदेशातली फी ताडून बघा.

अकरावी-बारावीचंही आत्ताच पाहा, कारण चार वर्षांचे पैसे मोजताय. काही शाळांत दहावीपर्यंत शिकवतात आणि मग मुलं कागदावर शाळेत, प्रत्यक्षात क्लासमध्ये असतात. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते आणि अशा डमी प्रकारांवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये बोर्डाने दिल्ली-राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. तरी विचारलंत तर 'आमच्याकडे तसं नाही' हेच उत्तर मिळेल. म्हणून विचारू नका. जूनच्या शेवटी एखाद्या साध्या बुधवारी शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहा आणि अकरावी-बारावीची मुलं गणवेशात बाहेर पडतात का बघा. तिथेच एखाद्या आईला विचारा की कॉमर्स आणि आर्ट्स आहे का. मुलीला पुढे इतिहास आवडला तर सायन्सच्या ए ग्रुपमध्ये (गणित) किंवा बी ग्रुपमध्ये (जीवशास्त्र) तिला कोंबायला नको.

हे सगळं पाहून भायलीची शाळा तुम्हाला नाही पटली, तर बडोद्यात ती एकच शाळा नाही. मांजलपूर, समा, वाघोडिया रोड, सगळीकडे याच वह्या आणि याच पेपरांची चौकशी करा, जवळची मिळाली तर उत्तम. आणि कुठलीच नाही पटली, तर आहे तिथेच राहू द्या. आठवड्यातून एकदा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्या. गणितात रस असेल तर ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीला आठवीपासूनची मुलं बसू शकतात. निवड होवो न होवो, तिथले प्रश्न आयएमपीच्या यादीत नसतात.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, तुमच्या घरात वेळेचा हिशेब बहुधा त्याच मांडतायत. बाबाजीपुरा ते भायली रिक्षाने फार नाही, पण शाळेची बस सरळ जात नाही, गावभर फिरते. तुमचा स्टॉप पहिला असेल तर मुलगी तासभर बसमध्ये. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा अर्धं शहर पलीकडे अडकलं होतं. तशा दिवशी मुलांना कुठे थांबवतात, पालकांना कोण फोन करतं, तेही विचारून ठेवा. गाणं संध्याकाळी असेल तर मधला चहा-नाश्ता, गृहपाठ आणि झोप यांचं वेळापत्रक कागदावर लिहा. रात्रीची झोप आठ तासांच्या खाली येत असेल तर काहीतरी सोडावं लागेल. ते गाणं नसावं असं मला वाटतं. १८८६ साली सयाजीरावांनी गायनशाळा काढलेल्या गावात मुलीचा रियाज गणितासाठी थांबवणं मला, गणिताच्या बाईला, पटत नाही. सोडायचा तर शाळेनंतरचा 'फाउंडेशन' क्लास, म्हणजे इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची आधीपासूनची तयारी, तो सोडा. नववीत त्याची गरजही नाही.

आणि बसची वेळ फोनवर विचारू नका. मंगळवारी सकाळी सहा वाजता सासूबाईंना घेऊन स्टॉपवर जा. बस किती वाजता येते आणि चढणारी मुलं झोपेत असतात की गप्पांत, ते दोघींनी पाहा. थर्मासमध्ये चहा न्या. त्यांना बाकावर बसवा आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.